चांदणी फाटकात का थरथरली, त्याची बखर

श्रीसूर्यनारायण समर्थ. ज्याचे रथास एकच चाक असोन तो आजपावेतो कोठे अडला नाही, त्यास पहिले नमन. आणि ज्यांचे रथास चार चाके असोन ते घरच्या फाटकातच अडतात, त्या समस्त सज्जनांस दुसरे. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सर, पौष सरत आला असता एका राज्यात जे वर्तले ते पुसणारांनी पुसिले, की इंजिन तळापासोन नवे बांधिले, चारी पिस्टन नवे, रिंगा नव्या, बेअरिंगे नवी, ऐसे असोन गाडी धावते तेव्हा गुणाची आणि उभी राहिली म्हणजे हिंव भरल्यासारखी कापते आणि बंद पडते, हे कैसे जाहले? तरी जैसे घडले तैसे लिहिले आहे, तिखटमीठ फारसे लाविले नाही. राज्याचे नाव लिहावयाचे प्रयोजन नाही. राज्य लहान. पूर्वेस लोखंडी फाटक, पश्चिमेस धुणे वाळत घालावयाच्या तारा, उत्तरेस शेजाऱ्यांचा फणस, ज्याच्या फांद्यांपायी दर वर्षी सरहद्दीचा तंटा होतो, आणि दक्षिणेस पत्र्याचे छप्पर, आणि त्या छपराखाली राज्याचा रथ.

रथ म्हणजे मोटारगाडी. रंग दुधावरल्या सायीचा, म्हणोन नाव चांदणी. कैलासवासी मोरेश्वरराव महाराजांचे तीर्थरूपांनी ती खरेदी केली आणि मग महाराजांकडे वतनाने आली. महाराज धरणाच्या कामावर नोकरीस होते. रोज सायंकाळी चांदणीत बसोन परत यावे आणि फाटकाशी उभे राहावे, परंतु हॉर्न कधी वाजवू नये. गाडी 'स्लो'वर ठेवावी. स्लो म्हणजे पाय काढिला, गाडी उभी, आणि इंजिन आपले आपण मंद चालते ती अवस्था. मिस्त्री मंडळीत हाच शब्द आहे. मग तो आवाज स्वयंपाकघरात राजमाता कुमुदिनीबाईसाहेबांचे कानी पडावा, तीन ठोके सरळ आणि चौथा किंचित लंगडा, ढुग ढुग ढुग आणि मग ढक्, आणि त्यांनी हातचे टाकोन फाटक उघडावयास निघावे, ऐसा शिरस्ता होता. आणि दर रथसप्तमीस पहाटे उभयतांनी चांदणीतून धरणाच्या बांधावर जावे, महाराज चालवीत, राजमाता पुढे डाव्या आसनावर, आणि सूर्य उगवला की थर्मासातला चहा घेऊन परत यावे, हाही शिरस्ता. महाराज निवर्तले आणि चांदणी खोळीखाली गेली. मग बहुत दिवस फाटक ज्याचे त्याने उघडावे लागले.

राज्यास लेक एकच, हेमलताबाई. पोस्टात काउंटरास बसतात. यजमानांसह माडीवर राहतात. लहानपणी बापाला बॅटरी धरोन दाखवावी, त्यातच अर्धी विद्या आली, आणि उरलेली जुनी पुस्तके व मोबाइलातील चलच्चित्रे पाहोन संपादिली. त्यांचे मनात आले की चांदणी अशी खोळीखाली कुजवू नये, इंजिन उतरवोन नवे बांधावे. मातोश्रींस पुसिले. राजमाता म्हणाल्या, "उघड. पण माझ्या दोन अटी. फाटकात आवाज तोच आला पाहिजे. आणि त्या लाल स्क्रूला कोणी हात लावायचा नाही."

लाल स्क्रूची हकीकत ऐसी, की कार्बोरेटर म्हणोन एक उपकरण आहे, तो इंजिनाचा मुदपाकखाना. तेथे पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण होऊन आत वाढिले जाते. त्याच्या कुशीस एक बारीक स्क्रू असतो, आणि गाडी स्लोवर असता पेट्रोल किती द्यावयाचे हे तो ठरवितो. महाराजांनी आपल्या अखेरच्या थंडीत तो स्वहस्ते लावोन दिला आणि हादऱ्याने फिरू नये म्हणोन त्यावर राजमातांच्याच नेलपॉलिशचा एक थेंब सोडिला. राजमातांनी ते पॉलिश एका भाचीच्या लग्नाकरिता घेतले होते, एका हाताची नखे रंगवून जाहल्यावर लाज वाटोन दुसरा हात तैसाच ठेविला होता. तर तो लाल थेंब म्हणजे थोरल्या महाराजांचे मोर्तब. दरबारात मोर्तबाचा कागद कोणी फिरवीत नाही, तैसा हा स्क्रू कोणी फिरवावयाचा नाही, ऐसे ठरले आणि हेमलताबाईंनी कबूल केले. कबूल केले ते इतके मनापासोन, की कार्बोरेटरच्या आतील झडपेची दांडी झिजोन ढिली जाहली होती ती दुरुस्त करविण्यास लेथवाल्याकडे नेला, तेव्हा नॅपकिनात गुंडाळोन तान्ह्या मुलासारखा नेला आणि म्हणाल्या, "बाकी काय हवं ते करा, पण हे लाल दिसतंय ना, त्याला श्वाससुद्धा लागता कामा नये." लेथवाल्याने नवे बुश, म्हणजे दांडीभोवतीचे कडे, घातले, दांडी चपखल बसली, आणि मोर्तब जैसेच्या तैसे राहिले.

इंजिन बांधावयाच्या कामी रज्जाक उस्ताद म्हणोन नामांकित मिस्त्री बोलाविले होते. हात कसबी, आणि जिव्हा त्याहोनही कसबी. कोठलीही गाडी समोर आली की "हिची आईसुद्धा माझ्या हाताखालून गेलीय" म्हणावयाची त्यांची रीत. उस्ताद आणि हेमलताबाई यांनी मिळोन संक्रांतीच्या आसपास इंजिन चढविले आणि चावी फिरविली, आणि चांदणी पहिल्याच हाकेस ओ देती जाहली, आणि पाय दाबिला तो ऐसी गरजली की शेजारचा कुत्रा फणसाखालून उठोन घरात गेला. आनंद जाहला. हेमलताबाईंनी गाडी रस्त्याने फिरवोन आणिली, चढावर खेचते उत्तम, वळणावर उत्तम, आणि मग फाटकात येऊन पाय काढिला. आत राजमाता कान देऊन उभ्याच होत्या. तो चांदणी कापू लागली, बॉनेट कापे, आरसे कापती, मागून काळा धूर, आणि राजमाता पायरी उतरोन फाटकापावेतो आल्या न आल्या तोच एक उचकी देऊन बंद पडली. राजमातांनी फाटकाची कडी उघडिली, गाडीकडे पाहिले, आणि आत गेल्या. उस्ताद म्हणाले, "नवी आहे, लाजतेय."

येथे यजमान दिनकररावांची हकीकत सांगणे प्राप्त आहे. दिनकरराव राज्याचे जावई आणि कारभारी, बँकेतोन निवृत्त, स्वभावे सरळ, आणि यंत्रास भिऊन असणारे. हमरस्त्यावर एक नवे भोजनगृह उघडले होते, त्यांस दाराशी मांडोन ठेवावयास जुनी गाडी हवी होती, गिऱ्हाइकांनी तिजपुढे उभे राहोन छबी काढाव्यात म्हणोन, आणि त्यांनी दिनकररावांकडे शब्द टाकिला होता. दिनकररावांनी तो रात्रीच्या पंगतीस मांडिला. "चाकं काढून चौथऱ्यावर ठेवणार आहेत. डिकीत शेवंती लावणार. ऊनपाऊस लागू नये म्हणून वर मांडवसुद्धा." हेमलताबाई म्हणाल्या, "अहो, बाबांच्या डिकीत शेवंती?" आणि पुढे बोलणार तो राजमाता म्हणाल्या, "भांडू नका. नुसती झाकून पडलेली मला बघवत नाही, आणि फाटकात येऊन अशी मरताना तर मुळीच बघवणार नाही. रथसप्तमीला ती फाटकात उभी राहून दम धरेल, तर मी बसेन आणि ती राहील. नाही धरला, तर जाऊ दे तिकडे. तिथं निदान माणसं येतील जातील." बोलोन ताक वाढू लागल्या. हुकूम जाहला आणि मुदतही नेमिली गेली, आणि हेमलताबाई ताकात मीठ घालावयाचे विसरल्या.

मग दुसरे दिवसापासोन मोहीम सुरू. उस्तादांनी प्रथम पॉइंटांवर हल्ला केला. पॉइंट म्हणजे ठिणगी केव्हा पडावी हे ठरविणारी दोन बारीक तोंडे, त्यांत नेमकी फट लागते. उस्तादांनी फट मोजिली, पुसोन घेतली, पुन्हा लाविली, आणि टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, तेही पाहिले, ते थोडे पुढे केले, थोडे मागे केले, आणि चांदणी पुढे केले असता पुढचे अंगाने कापे आणि मागे केले असता मागचे. मग टॅपेट, म्हणजे झडपांची फट, पाहिले, तेही बरोबर. हेमलताबाई पोस्टातोन सुटल्या की साडीचा पदर खोचोन थेट छपराखाली येत. संक्रांतीचे हळदीकुंकू रथसप्तमीपावेतो चालते, एके घरी वाण घ्यावयास गेल्या असता नखांतील काळे पाहोन यजमानीण पुसती जाहली, "हे काय गं, नवीन मेंदी का?" तर या म्हणाल्या, "हो, वीस-चाळीस नंबरची." ऐसे इंजिनाच्या तेलाचे नाव सांगोन वेळ मारिली.

मग चार सरदारांची परीक्षा घ्यावी ऐसे ठरले. चार सिलिंडर म्हणजे राज्याचे चार सरदार. चौघांपैकी एखादा फितूर असेल तर त्यास दरबारातोन घालविल्याने काही बिघडत नाही, कारण तो काम करीतच नव्हता. म्हणोन इंजिन चालू असता एकेकाची ठिणगी पाडणारा जो प्लग, त्याची वायर काढोन पाहावी. पहिल्याची काढिली तो चांदणी आणखी अडखळली. दुसऱ्याची काढिली, तैसेच. तिसऱ्याची, तैसेच. चौथ्याविषयी हेमलताबाईंस जुना संशय होता, त्याचीही काढिली आणि चांदणी तितकीच अडखळली. सारांश, चौघेही इमानी, चौघेही सारखेच राबती, आणि चौघेही सारखेच हैराण. उस्ताद डोके खाजवोन म्हणाले, "ताई, चोर नाही घरात. मग चोरी कशी होतेय?" हेमलताबाई म्हणाल्या, "बाहेरून कोणी शिरत असेल." अर्थात सांध्यातोन चोरटी हवा.

चोरटी हवा धरावयाची युक्ती ऐसी की इंजिन चालू ठेवोन सांध्यांवर पाण्याचा फवारा मारावा, ज्या ठिकाणी आवाज बदलेल तेथे भोक. उस्तादांची रीत निराळी, ते खिशातोन उदबत्ती काढते जाहले, की धूर जेथे आत ओढिला जाईल ते भोक. दिनकरराव पायरीवर वर्तमानपत्र वाचीत होते ते उठोनच उभे राहिले. "उस्ताद! पेट्रोलजवळ उदबत्ती? सगळ्यांना एकदमच ओवाळताय का?" उस्ताद म्हणाले, "साहेब, या उदबत्तीनं मी जीप दुरुस्त केलीय." "आणि ती जीप कुठाय आता?" उस्तादांनी उदबत्ती खिशात घातली. मग हेमलताबाईंनी इस्त्रीच्या कपड्यांवर मारावयाची बाटली आणोन सांधान् सांधा भिजविला, आणि दिनकरराव तेवढा वेळ वाळूची बादली घेऊन शेजारी उभे राहिले. भोक कोठेच निघाले नाही. सारे पॅकिंग घट्ट. इंजिन इतके नीट बांधिले होते की त्यात दोष सापडेना, आणि दोष सापडेना म्हणोन बांधणारांचे तोंड उतरत गेले.

मग मुदत जवळ येऊ लागली आणि उस्तादांनी शेवटचे अस्त्र काढिले. पाय काढिला असता इंजिन किती वेगे चालावे याचा एक निराळा स्क्रू असतो, त्यावर मोर्तब नव्हते, तो त्यांनी आवळिला. चांदणी आता बंद पडेना, परंतु फाटकात उभी राहोन ऐसी किंचाळू लागली की चटणीचे मिक्सर बरे. राजमाता खिडकीतोन म्हणाल्या, "कोण आलंय गं? कोणाशी भांडतेय ती?" उस्तादांनी स्क्रू पुन्हा सैल केला. मग रागाने चारी प्लग बाहेर काढोन फळीवर मांडिले, आणि तेव्हा दोघांनीही जे पाहिले ते दोघांनीही यापूर्वीच ओळखिले होते, परंतु बोलिले नव्हते. चौघांचीही तोंडे काजळीने काळी. उपासाने नव्हे, अजीर्णाने. पेट्रोल जास्त जात होते, आणि ते कोण देतो हे उघड होते. उस्ताद हळू म्हणाले, "ताई, हा स्क्रू." हेमलताबाई म्हणाल्या, "माहितीये." "किती दिवसापासून?" "पहिला धूर पाहिला तेव्हापासून." "मग आपण इतके दिवस बाकी गाडी या स्क्रूच्या मर्जीनं फिरवत होतो?" उस्तादांनी पेचकस उचलिला आणि म्हणाले, "पाव फेरा. अम्मांना कळणार पण नाही, रंग मी वरून परत लावतो." तो हेमलताबाईंनी त्यांचा हात धरिला. "उस्ताद, मी शब्द दिलाय. चोरून करायचं असतं तर पहिल्याच दिवशी केलं असतं. त्यापेक्षा शेवंती लावू दे." उस्तादांनी पेचकस ठेविला आणि चहास गेले, आणि जाताना म्हणाले, "हट्टी बापाची हट्टी पोर." परंतु मोठ्याने नव्हे.

हेमलताबाई आत गेल्या. राजमाता भिजवोन मोड आणिलेले वाल पुढे घेऊन डाळिंब्या सोलीत होत्या. लेक शेजारी बसली आणि सोलू लागली, तो राजमातांनी हातावर चापट मारिली. "तेलकट बोटं लावू नकोस. सगळ्या उसळीला गॅरेजचा वास येईल." लेक हात मांडीत घेऊन बसली आणि मग म्हणाली, "आई, बाबांनी तो स्क्रू गाडीसाठी नव्हता लावला. तिच्या आजारासाठी लावला होता."

"कसला आजार? ते तर म्हणायचे, ठणठणीत आहे."

"ठणठणीत कुठली! सिलिंडर झिजले होते, दांडी ढिली, नको तिथून हवा शिरत होती. फाटकात उभीच राहिली नसती. म्हणून थोडं पेट्रोल जास्त घालून ते तिला धरून ठेवायचे. बाळंतिणीला डिंकाचे लाडू घालतो तसं. आता ती उठून कामाला लागली, आणि आपण अजून लाडूच कोंबतोय."

राजमाता सोलावयाच्या थांबल्या. "आणि तो ठेका? चौथा?"

"चौथा सिलिंडर दमला होता, आई. ते लंगडणं होतं."

ताटात वालाची साले तेवढी हलत होती, पंख्याने. राजमाता म्हणाल्या, "मला म्हणाले होते, तिची चालच तशी आहे." आणि मग म्हणाल्या, "स्वतःच्या छातीचंही तसंच. जिन्यात मध्येच थांबायचे, आणि मी बघितलं की म्हणायचे, इथून फणस काय छान दिसतो गं. मी आपली बघायची फणस." लेकीने तेलकट हात पुढे केला आणि या खेपेस राजमातांनी चापट मारिली नाही. आणि मग उठिल्या, अंबाड्यातला आकडा काढिला, आणि म्हणाल्या, "चल. कुठाय तो, दाखव."

छपराखाली खासा स्वारी आली. उस्ताद चहा टाकोन उभे राहिले, दिनकरराव सवयीने बादलीकडे धाविले. हेमलताबाईंनी बॅटरीचा झोत धरिला, आणि राजमातांनी चष्मा नाकावर नीट बसवोन आकड्याच्या टोकाने तो लाल थेंब खरवडिला. एकदाच "लपवायचं म्हणजे किती!" ऐसे पुटपुटल्या, ते कोणास उद्देशोन हे सर्वांस ठाऊक होते. टवका निघाला, तो पदरास पुसिला. थोरल्या महाराजांचे मोर्तब येणेप्रमाणे धाकट्या आकड्याने फुटले, आणि आकाश वगैरे काही कोसळले नाही, फणसावर कावळा होता तो तैसाच राहिला.

आता स्क्रू कोठवर फिरवावयाचा हे कानाने ठरते. उस्ताद म्हणाले, "ते माझ्यावर सोडा अम्मा, हा कान चाळीस वर्षं इंजिनंच ऐकतोय." राजमाता म्हणाल्या, "माझा पन्नास. आणि मी त्यात दुसऱ्या गाड्या भरलेल्या नाहीत." परंतु त्यांस आवाज कळावयाचा तो स्वयंपाकघरातोनच, गाडीजवळ उभे राहोन कळत नाही, ऐसे म्हणोन त्या ओट्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या, आणि इकडे प्लग पुसोन बसविले व चांदणी फाटकात आणिली. मग मोठीच पंचाईत, गाडी फाटकात आणि हुकूम ओट्यावर. तेव्हा दिनकररावांस मध्ये पायरीवर जासूद नेमिले. आतोन हुकूम यावा, "अजून आत," आणि दिनकररावांनी ओरडावे, "अजून आत!" आणि हेमलताबाईंनी केसभर स्क्रू आत फिरवावा, आणि चांदणीचा कंप उतरावा, धूर विरळ व्हावा. पुन्हा "अजून," पुन्हा "अजून!" आणि मग एकदम अडखळली, तो उस्ताद आणि राजमाता एकाच वेळी ओरडते जाहले, "मागे!" आणि दिनकरराव मध्ये उभे राहोन दोन्हीकडे "मागे!" म्हणते जाहले. हेमलताबाईंनी थोडे मागे घेतिले. आणि चांदणी सावरली. मग वेगाचा स्क्रू थोडा उतरविला, आणि पुन्हा थोडा उतरविला, आणि ती हळू हळू होत मंद जाहली, आरसे स्थिर, बॉनेट स्थिर, चौघे सरदार एका तालात चालती. उस्तादांनी आपला अर्धा चहाचा कप इंजिनाच्या माथ्यावरील टॅपेटच्या झाकणावर ठेविला. चहावर साय धरू लागली.

परंतु आतोन हुकूम येईना. फाटकही कोणी उघडावयास येईना. हेमलताबाई आत धावल्या तो राजमाता ओट्यास टेकोन उभ्या, आणि म्हणाल्या, "हा त्यांचा नाही." लेकीचे तोंड पडले. मग ती म्हणाली, "आई, लंगडा करून देऊ? चौथ्या प्लगची फट थोडी बिघडवली की जवळपास तसाच ठोका येईल. येतं मला तेवढं." पायरीवरोन उस्ताद ओरडिले, "तौबा! ताई, निरोगी माणसाचा पाय मोडणार?" राजमाता म्हणाल्या, "गप्प बसा रे सगळे. ऐकू दे."

फाटकात चांदणी आपली चालत होती. राजमातांनी डोळे मिटिले, आणि उघडिले, आणि म्हणाल्या, "हा मी ऐकलाय."

"कुठे?"

"आमच्या गल्लीत. मला बघायला आले होते तेव्हा. मामंजी गाडी चालवत होते आणि बॅटरी उतरलेली, बंद केली तर परत ढकलायला लागेल, म्हणून सगळा कार्यक्रम होईपर्यंत दारात तशीच चालू ठेवलेली. आत मी पोह्याच्या बशा घेऊन पडद्यामागे उभी, पाय कापतायत, आणि बाहेर ही. एकसारखी. जराही घाई नाही. मला वाटलं, यांच्या घरची माणसं बरी असतील."

"आणि बाबा?"

"ते? मागच्या सीटवर बसून आले होते. नवा शर्ट चुरगळू नये म्हणून काठीसारखे ताठ. त्यांना मी नंतर पाहिलं. आधी हिला ऐकलं." ऐसे बोलोन राजमातांनी हात पुसिले, आणि पायऱ्या उतरोन गेल्या, आणि फाटक उघडिले. दिनकररावांनी तेथल्या तेथे भोजनगृहास दूरध्वनी करोन कळविले की गाडी चालू स्थितीत असल्याकारणे चौथऱ्यावर बसू शकत नाही, शेवंती कुंडीत लावावी.

रथसप्तमीस पहाटे खासा स्वारी निघाली. हेमलताबाई चाकावर, दिनकरराव थर्मास सांभाळीत. उस्तादही मुजऱ्यास हजर, म्हणाले वाटेत काही जाहले तर असावे, परंतु अंगात इस्त्रीचा सदरा होता. त्यांनी पुढचे डावे दार अदबीने उघडोन धरिले. राजमाता मागचे दार उघडोन आत बसल्या. उस्ताद पुसते जाहले, "अम्मा, आज पुढे नाही?" राजमाता म्हणाल्या, "पुढे तुम्ही बसा जावईबापूंबरोबर दाटीवाटीनं. आमच्याकडे पहिल्या खेपेला मागेच बसतात." आणि ताठ बसल्या, निऱ्या चुरगळू नयेत म्हणोन. मग कूच जाहले. गावाबाहेर रेल्वेचे फाटक लागते ते नेमके बंद, आणि पूर्वेस तांबडे फुटू लागलेले. चांदणी उभी राहिली, हेमलताबाईंनी पाय काढिला, आणि ती इतकी शांत जाहली, इतकी शांत, की हेमलताबाईंस बंद पडली ऐसे वाटले, आणि त्यांनी चावीस हात घातला. तो मागोन आवाज आला, "चालू आहे गं. हात काढ."

येणेप्रमाणे जाहले. इंजिन निर्दोष, रसदेचा हुकूम तेवढा जुना होता. चारी प्लगांचे तोंड आता विटकरी रंगाचे आहे, जे मिस्त्री मंडळीत सुदृढतेचे लक्षण मानितात. चांदणी राज्यात राहिली, आठवड्यास एकदा निघते, चालविणार हेमलताबाई. सांप्रत मागील डाव्या दाराची काच खाली जाते ती वर येत नाही आणि राजमातांस वारा लागतो, त्याची मसलत उस्ताद व दिनकरराव यांजमध्ये मोठ्या आवाजात चालू आहे. इति.